दस्तीखालचं सहावं प्रकरण

चौदा वर्षांच्या एका मुलीनं मला नापास केलं, म्हणून मी बीड जिल्ह्यात गेले. एरवी चिपळूणच्या बाईला तिकडं जायचं काही कारण नव्हतं. आमच्यातली कुणी तिकडं दिलेली नाही, तिकडून कुणी केलेली नाही.

मी किशोरांसाठी कादंबऱ्या लिहिते. हे सांगितलं की लोक हमखास विचारतात, "म्हणजे परीकथा का?" परी नसते म्हटलं की त्यांचा उत्साह मावळतो. दुकानातही आमच्या पुस्तकांना कपाट नाही. एकीकडे रंगीत चित्रांची पुस्तकं, दुसरीकडे मोठ्यांच्या जाड कादंबऱ्या, आणि तेरा ते सतराच्या मुलांनी मधल्या भिंतीला टेकून मोबाईल बघायचा. माझ्या पहिल्या दोन्ही कादंबऱ्या मी स्वतःच छापल्या. स्वतः म्हणजे मुखपृष्ठ निवडण्यापासून पार्सलला चिकटपट्टी लावून पोस्टात नेण्यापर्यंत सगळं. पोस्टातल्या बाई मला पिशव्यांसह लांबून बघितलं की चहाला उठतात.

कौतुक झालं, नाही असं नाही. पण कौतुक करणारे सगळे माझ्या वयाचे किंवा माझ्याहून मोठे. एका समारंभात बक्षीस देणारे सत्तरीचे गृहस्थ ठामपणे म्हणाले, "आजच्या मुलांना हेच हवं आहे." सभागृहात आजचं मूल एकही नव्हतं. तिसऱ्या कादंबरीचं हस्तलिखित मी आमच्या लेखकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलं, तर अर्ध्या तासात अठरा लाल बदाम आले. दीडशे पानं अर्ध्या तासात वाचून होत नाहीत हे मला कळतं. पण बदाम बघून बरं वाटतं, हेही खरं.

कोकणातल्या पावसावर आणि काजूवर लिहून मी कंटाळले होते. मला कोरडी, सपाट, मोठं आभाळ असलेली जमीन हवी होती. ती मी कधी पाहिली नव्हती. व्हिडिओ बघितले, चार जणांशी फोनवर बोलले आणि मराठवाड्यातल्या खेड्यावर कादंबरी लिहून मोकळी झाले. घरात ट्रॅक्टर येणार म्हणून वडील लाडका बैल विकायला काढतात. सहाव्या प्रकरणात बैलबाजारात लिलाव रंगात आलेला असताना पंधरा वर्षांची सुगंधा गाडीवर चढून ओरडते, "आमचा राजा विकायचा नाही!" सगळा बाजार थबकतो, वडिलांच्या डोळ्यांत पाणी येतं. हे लिहिताना मी स्वतः रडले होते. पुढची सहा प्रकरणं त्या एका ओरडण्यावर उभी होती.

बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुड गावच्या कांबळे मॅडम हायस्कूलात मराठी शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी आठवी-नववीच्या मुलांना जमवून पुस्तकं वाचतात. त्यांनी माझं पहिलं पुस्तक मागवलं होतं, म्हणून मी त्यांना हस्तलिखित पाठवलं. आठवड्यानं त्यांच्या मोबाईलवरून निरोप आला, पण आवाज मुलीचा होता.

"मॅडम, मी राणी बोलतीय. ते सहावं प्रकरण न्हाई जमलं. तुमी बैलबाजार बघितलाय का कधी? न्हाई, तर मग लिहिलं कावून?"

आधी मी चिडले. मग घाबरले. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांच्यातलं कुणीतरी पहिल्यांदाच माझ्याशी बोललं होतं, आणि तेही असं. छापखान्याला मी तारीख दिलेली होती. मी ठरवलं, समोर बसून या मुलांना विचारायचं. त्यांनी हो म्हटलं तर छापायची, नाहीतर ही कादंबरी कपाटात जाईल आणि किशोरांसाठी लिहायचं माझं खूळही तिच्याबरोबर. नवरा म्हणाला, "फोनवर विचार की." फोनवर विचारायला मी काय गॅसचं सिलिंडर बुक करत होते?

शुक्रवार, दिंद्रुड

माजलगावला एसटीतून उतरले आणि पुढं टमटममध्ये बसले. जानेवारीचं कोवळं ऊन होतं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यावर कंबरेच्या वर गेलेली ज्वारी, मधूनच करडईचा पिवळा पट्टा. आमच्याकडे नजर दहा पावलांत डोंगराला अडते. इथं ती एकदा गेली की परत यायचं नाव घेत नाही. शेजारच्या बाईंनी मी कोण, कुठली, कुणाकडं चालले, मुलं किती आणि चिपळूणला समुद्र आहे का, हे सगळं दोन किलोमीटरात काढून घेतलं. समुद्र थोडा लांब आहे म्हटल्यावर त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी पिशवीतून उसाचं कांडं काढून माझ्या हातात ठेवलं.

कांबळे मॅडमकडे पोचले तर शेजारच्या दोन घरांतूनही जेवायचं बोलावणं आलेलं. भांडणाचा निकाल मॅडमच्या सासूबाईंनी लावला. दुपारी त्यांच्याकडे, रात्री डावीकडे, परवा सकाळी उजवीकडे. आमच्याकडे पाहुणा आला की आधी किती दिवस राहणार ते विचारतात, मग पाणी देतात. दुपारी येसर आमटी होती. भाजलेली धान्यं आणि मसाला दळून ठेवलेलं पीठ, त्याची काळसर, झणझणीत आमटी, आणि ताटाएवढी ज्वारीची भाकरी. मी सवयीनं भाताची वाट बघत होते. तो शेवटी आला, औषधाच्या डोसाएवढा.

संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहारात मुलं जमली. नऊ जण होते, सहा मुली आणि तीन मुलगे, सगळ्यांचे केस पाणी लावून बसवलेले. मी म्हणाले, "कादंबरी वाचलीत ना? आता खरं खरं सांगा."

"लई भारी हाय मॅडम."

"लई आवडली."

"एक नंबर."

मी विचारलं, "राणी कोण?" दोन वेण्यांची एक काटकुळी मुलगी सतरंजीकडे बघत उभी राहिली. "छान हाय मॅडम. लई छान लिहिलंय," म्हणाली आणि बसली.

मला बदामांचा तोच गट इथं भेटल्यासारखं झालं. एवढा प्रवास करून मी हे ऐकायला आले होते? मुलं गेल्यावर कांबळे मॅडम हसायला लागल्या. "फोनवर बोलली ते वेगळं हो. आता तुम्ही पाहुण्या आहात. पाहुणीला तोंडावर नाव ठेवलं तर घरी आजोबा तिला जेवू देणार नाहीत."

"मग मला कळणार कसं?"

"ते मलाही कळत नाही," त्या म्हणाल्या. "वर्गातही हेच होतं. बाहेरचं कुणी आलं की ही पोरं साखरेची होतात."

राणीचे आजोबा बैलबाजारातले दलाल. त्यांना सगळे बापू म्हणतात. रात्री जेवताना त्यांचा निरोप आला, की उद्या बाजार आहे, बाईंनी यावं आणि बघावं.

शनिवार, बाजार

बैलबाजार जवळच्याच एका गावाबाहेरच्या माळावर भरतो. बापू, राणी, कांबळे मॅडम आणि मी एका पिकअपमध्ये बसून गेलो. बापू सत्तरीचे असतील. पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि खांद्यावर निळी दस्ती. मोठ्या रुमालाला तिकडं दस्ती म्हणतात. रांगेनं बांधलेले बैल, रंगवलेली शिंगं, घुंगरांचा आवाज, कढईतल्या भज्यांचा वास. मला तर जत्रेत आल्यासारखा आनंद झाला. मी लिलावाची वाट बघत उभी राहिले.

लिलाव काही सुरू होईना. कुणी ओरडत नव्हतं. बैलाचे दात बघत होते, पाठीवरून हात फिरवत होते, चार पावलं चालवून घेत होते. मग दोन पुरुष एकमेकांचा हात धरायचे, वरून दस्ती टाकायचे आणि दोघंही भलतीकडेच बघत उभे राहायचे. जरा वेळानं हात सुटायचे. एक मान हलवायचा, दुसरा पुढं जायचा.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"भाव चाललाय," बापू म्हणाले. "एक बोट, दोन बोटं, सगळा पंजा. समोरच्याला आकडा बराबर कळतो."

"पण तोंडानं का नाही सांगत?"

"तोंडानं सांगितलं की धा जण मधी पडत्यात. आन् सौदा मोडला तर? माणूस जनावर घेऊन घरी जातो, तवा त्याला कुणी हसाया नगं. ह्याच्या बैलाला येवढंच आलं, आसं गावानं म्हणाया नगं."

राणी माझ्याकडे बघत नव्हती, पण तिचे कान माझ्याकडे होते. माझं सहावं प्रकरण तिथंच आडवं झालं. जिथं कुणी आकडा उच्चारत नाही, तिथं मी अख्खा लिलाव लावून ठेवला होता.

तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण मला ते बोटांचं प्रकरण अनुभवायचं होतं. बापूंना म्हटलं, "मला एकदा हात लावून बघता येईल?" तिथं बायका हे करत नाहीत, हे मला दिसत होतं. बापू अडखळले. त्या वेळी ते एका फेटेवाल्याचा बैल एका गिऱ्हाईकाला दाखवत होते. फेटेवाल्यानं विचारलं, "काय बापू, ही बाई कोण?"

"पावनी हाय. पुस्तकं लिहिती. बोटं कळू दे तिला."

फेटेवाला हसला आणि हो म्हणाला. बापूंनी दस्तीखाली त्याचा हात धरला आणि माझा हात त्यावर ठेवला. खरखरीत, ऊबदार बोटं. फेटेवाल्यानं दोन दाबली, जरा थांबून पुन्हा तीन. मला कळलं! परीक्षेत एकदम उत्तर आठवावं तसा मला आनंद झाला आणि मी तो आकडा मोठ्यानं म्हणाले.

आसपासची वीस-पंचवीस माणसं वळली. गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, कारण फेटेवाला किती खाली यायला तयार आहे हे त्याला फुकटात समजलं होतं. फेटेवाल्यानं हात ओढून घेतला, दाव्याची गाठ सोडली आणि बैल घेऊन तो चालायला लागला. बापूंनी दस्ती झटकली आणि खांद्यावर टाकली. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. भर बाजारात ओरडणारी सुगंधा म्हणजे मीच होते, आणि कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

मी फेटेवाल्यामागं धावले. साडी, पायांत शेण, समोर बैलांची शिंगं. चिपळूणच्या लोकांनी बघितलं असतं तर वर्षभराचा विषय झाला असता. "दादा, चुकलं माझं," म्हटलं. तो थांबला. माझ्या पायांकडे बघितलं आणि त्याला हसू आवरेना. "जाऊ द्या हो ताई. येवढ्यातच विकला जाणार हुता काय बैल? च्या घ्या." आम्ही चहा घेतला. राणी दोन्ही हातांनी तोंड दाबून इतकी हसत होती की शेवटी कांबळे मॅडमही सुटल्या आणि मग मीही. बाजार उठायच्या सुमाराला त्याचा बैल दुसऱ्या गिऱ्हाईकाला गेला. कितीला गेला ते मी विचारलं नाही.

शनिवार दुपार, बापूंचं शेत

दुपारी बापूंच्या शेतात हुरडा होता. नऊही मुलं आली. जमिनीत खणलेल्या आगटीत गोवऱ्या फुललेल्या. तिच्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. मी किती खाल्लं ते लिहीत नाही. मडक्यात शेंगा भाजून करतात त्या कोकणातल्या पोपटीचा मला फार अभिमान होता, तो त्या दुपारी बराच खाली आला.

खाता खाता मी पुन्हा कादंबरीचा विषय काढला. पुन्हा तेच, "छान हाय मॅडम." तेव्हा राणी उठली, आजोबांच्या खांद्यावरची दस्ती तिनं ओढली आणि म्हणाली, "बापू, आमी ह्याच्याखाली सांगितलं तर चालंल का? तोंडानं न्हाई बोलणार."

बापूंनी विचार केला. "दोघांतच ऱ्हाणार आसंल तर चालंल," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "कळलं का ओ बाई?" मी मान खाली घालून हो म्हटलं.

राणीनं नियम ठरवले. पूर्ण पंजा म्हणजे आहे तसं राहू दे. कमी बोटं म्हणजे दुरुस्ती. मूठ म्हणजे काढून टाका. कांबळे मॅडम एकेका प्रकरणाचं नाव पुकारायच्या आणि एकेक जण माझ्याजवळ येऊन बसायचा. दस्तीखाली हात हातात, आणि आम्ही दोघंही ज्वारीकडे बघत. बारा प्रकरणं, नऊ मुलं. आगटी दोनदा विझली.

कुणी किती बोटं दाबली ते सांगत नाही. एवढं सांगते, की पहिल्या प्रकरणाला माझा हात पंजांनी भरला आणि मला उड्या माराव्याशा वाटल्या. तिसऱ्याला बोटं कमी झाली. एकानं एक बोट अर्धं दुमडून दाबलं, साडेतीन! अठरा बदामांतून मला जे कधी कळलं नव्हतं ते त्या दुमडलेल्या बोटातून कळलं. त्या प्रकरणाचा निम्मा भाग मी उगाच लांबवला होता, आणि ते मला मनातून माहीत होतं.

सहाव्या प्रकरणाला नऊच्या नऊ मुठी आल्या. शेवटची मूठ आली तेव्हा मी मोठ्यानं हसले. मग पोरांनीच मुठी वर काढून एकमेकांना दाखवल्या, आणि एकदा बोटांनी बोलून झाल्यावर तोंडंही सुटली.

"सुगंधा वरडली, बैल वाचला," समीर म्हणाला. हा राणीच्या वर्गातला. "पण तिच्या बापाची लाज गेली की. त्या दिशी घरी जेवलं असंल का कुणी?"

"आन् तिच्याकडं मोबाईल कावून न्हाई?" दुसरी एक मुलगी म्हणाली. "तिची आई सारखी समजावून सांगती. आमची आई समजावून न्हाई सांगत, डोळे वटारती."

राणी सगळ्यांत शेवटी बोलली. "तिला बैल वाचवायचाय का लोकांम्होरं भाषण ठोकायचंय?"

आम्ही किशोरांसाठी लिहिणारे लोक आमच्या मुलांना फार बोलायला लावतो. मुलं धीट झालेली आम्हाला बघायची असतात, म्हणून त्यांना गाडीवर, बाकावर, स्टेजवर चढवतो. खाली उतरल्यावर त्यांना त्याच घरात जायचं असतं, हे आम्ही विसरतो. मी निदान विसरले होते.

"मग तुम्ही असता तर बैल कसा वाचवला असता?" मी विचारलं.

गलका झाला. शेवटी राणी म्हणाली, "दस्तीखाली बापाच्या जागी तिचा हात गेला पायजे. मूठ दाबायची. इकायचा न्हाई. कुणाला कळणारबी न्हाई."

"पोरीला कोण हात देतंय बाजारात?" समीर म्हणाला.

"ते मॅडम लिहितील. त्येंचं काम हाय ते."

इतका आनंद मला बक्षिसाच्या दिवशीही झाला नव्हता. कुणीतरी मला माझं काम दिलं होतं.

रविवार, बापूंचं अंगण

सकाळी उजवीकडच्या घरचे धपाटे आणि दही खाऊन मी कांबळे मॅडमच्या ओट्यावर उन्हात लिहायला बसले. तीन तास मान वर केली नाही. दुपारी बापूंच्या अंगणात सगळे जमले. छापायची की नाही हे आज ठरवायचं, असं मी मुलांना सांगून टाकलं होतं. मुलांनी आपसांत कुजबुज केली आणि समीर म्हणाला, "आज आमी न्हाई. बाजार बापूंचा हाय. बापू सांगतील ते."

बापूंनी जन्मात कादंबरी वाचलेली नाही. ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले आणि मी वाचायला लागले.

बाजारात राजा बिथरतो. वडिलांना दोन्ही हातांनी वेसण धरून ठेवावी लागते. दलाल खोळंबलेला, गिऱ्हाईक घाईत. वडील सुगंधाच्या कानात आकडा सांगतात आणि म्हणतात, माझ्या जागी तू हात दे. ती दस्तीखाली हात घालते आणि मूठ दाबते. दलाल तिच्याकडे बघत नाही. क्षणभर थांबतो, मग गिऱ्हाईकाला म्हणतो, "न्हाई जमत." गिऱ्हाईक पुढं जातो. बैल घेऊन बापलेक घरी निघतात. वाटेत वडील काही विचारत नाहीत. वेशीपाशी आल्यावर दावं मात्र तिच्या हातात देतात.

वाचून झालं. बापूंचे डोळे मिटलेलेच होते, मला वाटलं झोपले. मी कागदांच्या कडा पुन्हा पुन्हा जुळवत बसले, आणि पन्नाशीला आलेल्या बाईनं एका प्रकरणासाठी इतकं घाबरावं याची मला गंमतही वाटत होती. मग बापूंनी खांद्यावरची दस्ती काढली, उजव्या हातावर टाकली आणि तो हात माझ्यापुढं केला. मी दस्तीखाली हात घातला. त्यांनी घाई केली नाही. आम्ही दोघं दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघत होतो. नऊ मुलं आमच्या तोंडांकडे बघत होती.

त्यांनी दाबलं. मला बरोबर कळलं.

"किती? किती?" पोरं एकदम उठली. मी दस्तीची घडी करून बापूंच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. टमटम येईपर्यंत सगळे माझ्यामागं लागले होते. समीर म्हणाला, "मॅडम, आकडा नका सांगू. तीनाच्या वर का खाली, येवढं तरी!" मी पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि उसाचं कांडं सोलत राहिले. राणीनं एकदाही विचारलं नाही. टमटम हलली तेव्हा तिनं बाजूनं हात आत घालून माझा हात दाबला आणि म्हणाली, "आता जमलं बगा तुमाला."

माजलगावच्या स्टँडवरून मी छापखान्याला फोन लावला. "सहावं प्रकरण नवं पाठवते, तिसरं निम्मं कापते, सहाव्याच्या पुढची त्याला जुळवून घेते. सगळं घालून छापायला घ्या." घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, लेखकांच्या गटावरच्यांनी विचारलं, आणि आता तुम्हीही विचाराल. बापूंनी किती बोटं दाबली, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.